पिक्चर संपला, पण तिचे पुढे काय?

आमच्या वस्तीतल्या विहाराच्या सभागृहात महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी पिक्चर दाखवला जातो. पूर्वी १४ एप्रिलच्या रात्री वर्गणी काढून, भाड्याने व्हीसीआर आणून आम्ही उजाडेपर्यंत तीन-तीन पिक्चर बघत असू. आता तरुण मंडळाने प्रोजेक्टर घेतला आहे. पिक्चर संपला की चहा होतो आणि चहाबरोबर चर्चा. ही चर्चा कधी कधी पिक्चरपेक्षा लांबते. कारण आपली माणसे पिक्चरची मोठी शौकीन. कोणता पिक्चर कोणत्या टॉकीजला किती आठवडे चालला, हे गिरणीत काम केलेल्या आमच्या काकांना अजून तोंडपाठ आहे.

मागे एका रविवारी 'दामिनी' लावला होता. राजकुमार संतोषींचा १९९३ चा हा चित्रपट बहुतेकांनी पूर्वी पाहिलेला. तरीही शेवटी कोर्टात निकाल लागला तेव्हा टाळ्या पडल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या. दिवे लागले. सगळे खूष. तेवढ्यात धुण्याभांड्याची कामे करणारी एक मावशी पदर सावरत म्हणाली, "कामवाली मेली, म्हणून पिक्चर संपला. ती जगली असती तर दुसऱ्या दिवशी भांडी घासायला कोणाच्या दारात गेली असती?"

सभागृहात एकदम शांतता पसरली. मावशीचे म्हणणे खरे होते. चित्रपटात अत्याचार होतो तो उर्मी नावाच्या मोलकरणीवर, होळीच्या दिवशी, तिच्या मालकाच्याच घरात. पण चित्रपट तिचा नाही. तो त्या घरच्या सुनेचा आहे, जिने तो प्रकार डोळ्यांनी पाहिला आणि घरच्यांविरुद्ध साक्ष द्यायची ठरवली. दामिनीचे धाडस मोठेच आहे, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण उर्मीचा मात्र खटला चालू असतानाच रुग्णालयात जीव जातो. जिचे दुःख, तीच शेवटच्या टाळ्यांच्या वेळी पडद्यावर नसते. मेलेल्या बाईला न्याय देणे कथा लिहिणाऱ्याला सोपे जाते. जिवंत बाईला उद्या सकाळी नळावर जायचे असते, ते दाखवणे अवघड.

त्या रात्रीपासून आमच्या मंडळात एक नवीनच खेळ सुरू झाला. कोणताही पिक्चर संपला की कोणीतरी विचारते, "पुढे काय?" या प्रश्नातून आम्ही जे शिकलो, ते वाचक बंधू-भगिनींपुढे मांडावे म्हणून हा लेख.

निकाल लागला म्हणजे झाले?

'जय भीम' हा २०२१ चा तमिळ चित्रपट नावामुळेच आपल्याकडे घरोघरी पाहिला गेला. १९९३ साली तमिळनाडूत पोलिसांच्या कोठडीत झालेल्या एका मृत्यूची ती कथा आहे. ज्या वकिलांनी तो खटला लढवला, ते चंद्रू पुढे मद्रास हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. शेवटी मेलेल्या माणसाची लहान मुलगी वकिलासमोर खुर्चीत पायावर पाय टाकून वर्तमानपत्र हातात धरून बसते. हे दृश्य पाहून आमच्या सभागृहात बायकांच्या डोळ्यांत पाणी आले. माझ्याही आले.

पण ज्या बाईच्या जीवनावर हे सारे बेतले, तिचे पुढे काय झाले? पोलिसांना शिक्षा झाली ती २००६ साली, म्हणजे १३ वर्षांनी. आणि चित्रपट आल्यावर वर्तमानपत्रांतून लोकांना कळले की ती बाई म्हातारपणीही हलाखीतच दिवस काढते आहे. तेव्हा चित्रपटातील नट सूर्या यांनी तिच्या नावे १० लाख रुपयांची ठेव ठेवली. त्यांचे अभिनंदनच केले पाहिजे. परंतु प्रश्न उरतोच. निकाल २००६ चा आणि ठेव २०२१ ची. मधल्या १५ वर्षांत तिच्या चुलीवर काय शिजले, हे कोणत्याही पडद्यावर नाही.

आपल्या घरचेच उदाहरण घ्या. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबाची हत्या झाली. एकटे भैय्यालाल उरले. आपण मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या. २००८ साली भंडारा कोर्टाने सहा जणांना फाशी दिली, २०१० साली हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने ती २५ वर्षांच्या सक्तमजुरीवर आणली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. त्याचा निकाल पाहायला मिळण्याआधीच जानेवारी २०१७ मध्ये भैय्यालाल हृदयविकाराने गेले. त्या दहा वर्षांत दर २९ सप्टेंबरला आपण त्यांचा फोटो पाहिला. उरलेल्या ३६४ दिवसांत त्यांच्याबरोबर जेवायला कोण बसत होते, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले? हा प्रश्न मी आधी स्वतःलाच विचारतो.

फुलनचा पिक्चर १९८३ लाच थांबला

'बँडिट क्वीन' आम्ही विहारात लावला नाही. लहान मुले असतात. पण मोठ्यांपैकी अनेकांनी तो पाहिलेला, त्यामुळे त्यावर बोलणे झाले. शेखर कपूर यांचा हा चित्रपट १९९४ साली परदेशात दाखवला गेला आणि १९९६ साली इकडे आला. उत्तर प्रदेशातील जालौन जिल्ह्यातली, मल्लाह जातीची, अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेली ही मुलगी. तिच्यावर झालेले अत्याचार चित्रपटाने तपशीलवार दाखवले. १२ फेब्रुवारी १९८३ रोजी मध्य प्रदेशातील भिंड येथे तिने शस्त्रे खाली ठेवली आणि तिथेच चित्रपट संपला.

तेव्हा फुलन अवघी १९-२० वर्षांची होती. विशेष म्हणजे चित्रपट तयार झाला तेव्हा ती जिवंत होती आणि तिने त्याला विरोध केला. माझ्यावर जे झाले ते मला न विचारता लोकांना का दाखवता, असा तिचा सवाल होता. ती दिल्ली हायकोर्टात गेली. पुढे तडजोड होऊन तो वाद मिटला. पण तिचा सवाल मिटलेला नाही. अत्याचार झालेल्या बाईच्या हातून आधीच सगळे हिसकावले गेलेले असते. तिची कहाणी तरी तिच्या हातात राहू द्यायला नको का?

आता १९८३ च्या पुढचे पाहा. शरणागतीच्या वेळी आठ वर्षांपेक्षा जास्त तुरुंगवास होणार नाही असे ठरले होते. प्रत्यक्षात खटला न चालवता ११ वर्षे तिला आत ठेवण्यात आले. तिची प्रकृती ढासळली, शस्त्रक्रिया झाल्या, गर्भपिशवी काढली गेली. १९९४ साली ती बाहेर आली. १९९५ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर येऊन तिने पतीसह बौद्ध धम्म स्वीकारला. १९९६ साली मिर्झापूरमधून ती लोकसभेवर निवडून गेली, १९९८ ला हरली, १९९९ ला पुन्हा जिंकली. जिला शाळेची पायरी माहीत नव्हती, तिने आपली जीवनकथा सांगून दुसऱ्यांकडून लिहून घेतली, कारण ती आपल्या तोंडची असावी असे तिला वाटत होते. आणि २५ जुलै २००१ रोजी दिल्लीत तिच्या घरासमोर गोळ्या घालून तिला मारण्यात आले. वय ३७.

बेहमईत १९८१ साली जी २० माणसे मारली गेली, त्यांच्याही घरी बायका-मुले होतीच. त्या खटल्याचा निकाल २०२४ साली लागला. म्हणजे ४३ वर्षे दोन्हीकडचे लोक कोर्टाच्या दारात. सूडाने हिशेब पुरा होतो असे पिक्चर सांगतो. खऱ्या आयुष्यात तो पुरा होत नाही, नुसता पुढच्या पानावर जातो.

आमच्या चर्चेत परिचारिका असलेल्या एका ताईने फार नेमके सांगितले. त्या म्हणाल्या, "तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा भाग म्हणजे तुरुंगातून सुटल्यावर ती नुसती जगली नाही, उभी राहिली. नेमका तोच भाग पिक्चरमध्ये नाही. आपल्या पोरींना मार खाल्लेली फुलन माहीत आहे, बंदूक घेतलेली फुलन माहीत आहे. दीक्षाभूमीवर हात जोडून उभी असलेली फुलन माहीत नाही."

याच ताईने 'घर' या १९७८ च्या चित्रपटाची आठवण काढली. रेखा आणि विनोद मेहरा. नवे जोडपे रात्रीचा खेळ पाहून पायी घरी येत असते आणि हल्ला होतो. त्यात कोर्टाची टाळ्यांची भाषणे नाहीत. बायकोला नवऱ्याच्या स्पर्शाचीही भीती वाटते, नवऱ्याला काय करावे कळत नाही, शेजारी कुजबुजतात, हेच त्यात दाखवले आहे. म्हणजे ठरवले तर पडद्यावर हे दाखवता येते. पण असे चित्रपट मोजकेच.

माझे पेढे

आता एक गोष्ट सांगायची आहे, ती मी आजवर कुठे लिहिली नव्हती. ज्या मुलीची ही गोष्ट, तिला विचारून आणि ओळख पटेल असे सर्व तपशील वगळून लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका मुलीवर अत्याचार झाला. मी कारकून माणूस. अर्ज, प्रतिज्ञापत्र, झेरॉक्सचे गठ्ठे, आवक-जावक क्रमांक ही माझी रोजची भाकरी. त्यामुळे तिच्या कागदपत्रांचे काम माझ्याकडे आले. बौद्ध म्हणून जातीच्या दाखल्यावर एका कार्यालयात अडवले, तेव्हा १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती लागू आहेत, हे मी कायदा दाखवून पटवले. तारखांमागून तारखा गेल्या. अखेर निकाल लागला, आरोपीला शिक्षा झाली. मला इतका आनंद झाला की मी कोर्टातून येताना दोन किलो पेढे आणले आणि विहारासमोर वाटले.

संध्याकाळी तिची आई आली. हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, तुमचे उपकार फिटणार नाहीत. पण पेढे कशाचे म्हणून ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनापण आज ठाऊक झालं. पोरगी सकाळपासून खोलीतून बाहेर आली नाही."

मी जमिनीत गेलो. नाव मी कोणालाच सांगितले नव्हते. अशा मुलीची ओळख उघड करणे हा कायद्याने गुन्हा आहे, हे मीच इतरांना बजावत असे. पण वस्तीत नाव सांगावे लागत नाही. माझ्या मनात पिक्चर संपला होता, टाळ्या वाजवायची वेळ झाली होती. तिचा पिक्चर अजून चालूच होता.

पुढे काय काय राहिले होते, ते मला नंतर समजत गेले. तिला रात्री झोप नव्हती. ठराविक गल्लीतून ती जाऊच शकत नव्हती. बारावीची परीक्षा बुडाली होती. तारखांना सोबत जाऊन जाऊन आईची दोन घरची कामे सुटली होती. बापाने बोलणे कमी केले होते. त्याला राग मुलीचा नव्हता, स्वतःचा होता, पण मुलीला ते कसे कळणार? आणि नातेवाईक एकच सांगत, "आता विसर." विसरायचे कसे, हे कोणी सांगत नव्हते.

तिला सावरले ते कोणाच्या भाषणाने नाही. शेजारच्या चाळीतल्या एका आजीने ठरवले की ही पोरगी क्लासला जाईल आणि मी तिला बसपर्यंत सोडीन. जवळजवळ दीड वर्ष आजी रोज सकाळी दारात येऊन उभी राहायची. त्या प्रकाराबद्दल तिने एक शब्द विचारला नाही. भाजीचे भाव, गुडघ्याचे दुखणे, सुनेची तक्रार, एवढेच बोलणे. एके दिवशी मुलगीच म्हणाली, "आजी, उद्यापासून मी एकटी जाते." आजीने फक्त "बरं" म्हटले आणि घरी येऊन रडली.

मला विचाराल तर या दीड वर्षाचा पिक्चर काढायला हवा. पण कोण काढणार? त्यात एक म्हातारी रोज दारात येऊन उभी राहते, एवढेच आहे.

सावरण्याची चाल

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली या विषयावर एक पुस्तक लिहिले. त्यांच्या मते सावरण्याचे तीन टप्पे असतात. आधी सुरक्षित वाटणे. मग, जेव्हा तयारी होईल तेव्हा, घडलेले आठवून बोलणे आणि गमावलेल्याचा शोक करणे. आणि नंतर पुन्हा माणसांत, कामात, जगण्यात येणे. हे टप्पे जिन्याच्या पायऱ्यांसारखे सरळ नसतात, माणूस पुढे जाऊन परत मागे येते. आणि सर्वांत मुख्य गोष्ट म्हणजे निर्णय तिच्या हातात परत येणे. बोलायचे की नाही, कोणाशी, किती, हे तिने ठरवायचे.

आमच्या आजीने हे पुस्तक पाहिलेलेही नाही. पण तिने नेमके हेच केले. आधी रस्ता सुरक्षित केला. बोलायला लावले नाही. आणि एकटी जायचे कधी, हे मुलीलाच ठरवू दिले.

उलट आपले पिक्चर काय शिकवतात? पहिला मार्ग म्हणजे बाईने मरणे. दुसरा, तिने शस्त्र उचलणे. १९८० च्या 'इन्साफ का तराजू'त नायिका शेवटी गुन्हेगाराला गोळी घालते. तिसरा, कोणीतरी मोठ्या मनाच्या पुरुषाने तिचा 'स्वीकार' करणे. चौथा मार्ग, म्हणजे आहे त्या वस्तीत, आहे त्या घरात, हळूहळू पूर्ववत श्वास घेता येणे, तो तीन तासांत मावत नाही. मग अशा मुलीला वाटू लागते की मला मरताही आले नाही, मारताही आले नाही, म्हणजे माझ्यातच काही कमी आहे. हे वाटणे फार घातक आहे. म्हणून पिक्चरच्या शेवटाची ही चर्चा केवळ करमणुकीची नाही.

कागदावर जे आहे ते घ्या

कारकुनाचा लेख आहे, तेव्हा थोडे कागदाचेही सांगतो.

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, नियम १९९५ चे. २०१६ च्या सुधारित नियमांनुसार बलात्काराच्या प्रकरणात ५ लाख आणि सामूहिक बलात्काराच्या प्रकरणात सव्वाआठ लाख रुपये अर्थसाहाय्य ठरवले गेले. निम्मी रक्कम वैद्यकीय तपासणी व अहवालानंतर, पाव दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर आणि पाव खालच्या कोर्टातला खटला संपल्यावर. म्हणजे पहिल्या रकमेसाठी निकालाची वाट बघायची नसते. हे अनेकांना ठाऊक नसते.

याच नियमांत आणखी एक तरतूद आहे, ती तर फारच थोड्यांना माहीत असते. तपासासाठी वा तारखेसाठी जाण्याचे भाडे आणि बुडालेल्या मजुरीपोटी भत्ता पीडित व्यक्तीला, तिच्यावर अवलंबून असणाऱ्यांना आणि साक्षीदारांना मिळतो. बाईला आणि अल्पवयीन मुलीला आपल्या पसंतीची एक व्यक्ती सोबत नेता येते आणि त्या सोबतीणीलाही हा खर्च मिळतो. म्हणजे आजीची सोबत कायद्यानेही ओळखली आहे. आम्ही हा अर्ज केला नव्हता. मला तेव्हा तो नियम माहीतच नव्हता. माझ्या पेढ्यांपेक्षा त्या आईला तिच्या बुडालेल्या दिवसांचा भत्ता जास्त उपयोगी पडला असता.

महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. चौकशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावी. फुकट वकिलासाठी १५१०० हा क्रमांक, महिलांसाठी १८१. उपचाराला सरकारी असो की खासगी, कोणतेही रुग्णालय नकार देऊ शकत नाही आणि पैसेही मागू शकत नाही. तथाकथित 'दोन बोटांची तपासणी' करणे हे गैरवर्तन आहे, असे सुप्रीम कोर्टाने २०२२ साली बजावले आहे. कोणी करू लागले तर ठामपणे नाही म्हणा. आणि झोप येत नसेल, जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येते. डोक्याच्या डॉक्टरकडे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे. पाय मोडला तर आपण प्लास्टर घालतो, त्यात लाज वाटत नाही.

आपण काय करायचे?

मोर्चा काढायचा, जरूर काढायचा. एफआयआर होईपर्यंत पोलीस ठाण्यातून उठायचे नाही. पण मोर्चाचे झेंडे गुंडाळले की आपले काम सुरू होते, असे आता आमच्या मंडळाने ठरवले आहे. आमच्या महिला मंडळाने एक साधी वही केली आहे. तिच्यावर कोणाचेही नाव नाही. आत फक्त तारखा आणि पाळ्या आहेत. या तारखेला कोर्टात सोबत कोण जाणार, त्या दिवशी घरचा डबा कोण देणार, आईच्या कामावर बदली कोण करणार. ही वही निकालाच्या दिवशी बंद करायची नाही, असा ठराव झाला आहे.

ती मुलगी आता नोकरी करते. कधी कधी पिक्चरलाही येते, शेवटच्या रांगेत दाराजवळ बसते. 'दामिनी'च्या दिवशीही ती होती. मावशीच्या बोलण्यानंतर सगळे गप्प झाले तेव्हा माझे लक्ष तिकडे गेले. ती उठून जाईल की काय असे मला वाटले.

ती उठली खरी. पण बाहेर गेली नाही. किटली उचलली आणि मावशीला चहा ओतून दिला.